परतीची हवा

"मशीनचं काय करायचं ते करा, पण आवाजाला हात लावू नका," असं त्या घरातले म्हातारे काका म्हणाले तेव्हा ती शिडीवर होती, आणि ओठांत दोन स्क्रू धरलेले असल्यामुळे तिला लगेच काही विचारता आलं नाही. तिला वाटलं, पंख्याच्या घरघरीबद्दल बोलताहेत. अशी माणसं भेटतात. मशीन जुनं होतं तसं कुरकुरायला लागतं आणि घरच्यांना त्या कुरकुरीची इतकी सवय होते की दुरुस्तीनंतर घर परकं वाटतं म्हणून तक्रार येते. तिनं स्क्रू तळहातावर काढले. "कुठल्या आवाजाला?" काकांनी खोलीच्या वरच्या कोपऱ्यातल्या लोखंडी जाळीकडे मान वळवली. त्या जाळीतून घरातली हवा आत ओढली जायची. तिच्या पात्यांवर धुळीची बारीक मिशी आली होती. आणि मग, हाक मारल्यासारखं, जाळीच्या आत कुणीतरी खोकलं. एकदा, मग लागून दोनदा, आणि शेवटचा खोकला अर्धाच, उशीत तोंड दाबून गिळून टाकल्यासारखा. काका दचकले नाहीत. पाहुण्याला घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "ही आमची." आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थोड्या वेळानं, "जाऊन दोन वर्षं झाली. ह्या थंडीत परत आली."

तिच्या हातांना काम ठाऊक होतं म्हणून हात चालू राहिले. मशीन बाहेरच्या बोळकांडीत, भिंतीतल्या कपाटात होतं; उन्हाळ्यात गार करायचं, थंडीत तापवायचं. घरातली हवा जाळ्यांमधून ओढून आणायची, गाळायची, ऊन किंवा गार करून पुन्हा घरात सोडायची, एवढाच सगळा खेळ. ओढून आणलेल्या त्या हवेला तिला काम शिकवणारा मिस्त्री परतीची हवा म्हणायचा. वर्कशॉपमध्ये बाकीचे नुसतं रिटर्न म्हणायचे. तिला मिस्त्रीचाच शब्द बरा वाटायचा, कारण ती हवा खरोखर कुठून कुठून फिरून, माणसांच्या तोंडानाकातून जाऊन परत आलेली असते. तिनं फिल्टर सरकवून बाहेर काढला आणि उजेडाकडे धरला. थंडीच्या सुरुवातीला तिनंच तो नवा बसवला होता. एकट्या माणसाच्या घरातला फिल्टर ह्या दिवसांत राखेसारखा करडा व्हायला हवा. हा काजळासारखा काळा होता. बोट फिरवलं तर बोट काळं झालं, आणि काजळीत अडकलेले लोकरीचे निळे तंतू निघाले. "काका, घरात काही जाळता का? शेगडी, मेणबत्त्या?" "मी चहासुद्धा विजेच्या किटलीत करतो." "निळं काही आहे? स्वेटर, कांबळं?" काकांनी विचार केला. "निळा रंग तिला खपायचा नाही. म्हणायची, पोलिसांसारखं वाटतं." तिनं काळा फिल्टर पिशवीत भरला आणि नवा बसवला. जाळीतून पुन्हा खोकला आला. काकांनी कपातला चहा ढवळणं थांबवलं आणि तो पुरता ऐकून घेतल्यावरच चमचा फिरवला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिला जाणवलं, आपण मघापासून श्वास मोजून घेतोय. हातगाडीवाला फुंकर मारून हात शेकत होता, एक बाई कुत्र्याला स्वेटर घालत होती, आणि हे सगळं काचेपलीकडून बघावं तसं तिला दिसत होतं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. माणसांच्या घरांतल्या इतक्या अंधाऱ्या बोगद्यांमध्ये तिनं खांद्यापर्यंत हात घातले होते, उंदीर, खेळण्यातले डोळे, लपवलेली सिगारेटची पाकिटं, एकदा तर कवळी, असं काय काय काढलं होतं, आणि भूत काही हाताला लागलं नव्हतं. तिला खुपत होता तो खोकला. तिचे वडील, त्यांना ती दादा म्हणायची, खडी फोडण्याच्या यंत्रावर कामाला होते. दगडाचं पीठ त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर बसलेलं असायचं; अंघोळ करून आले की चेहरा ओळखीचा व्हायचा, पण छातीत गेलेलं पीठ धुता येत नव्हतं. घर दोन खोल्यांचं. पलीकडच्या खोलीत दादा खोकत आणि अलीकडे ही आणि आई अंथरुणावर पडलेल्या असत. एकदा ती चिडून म्हणाली, किती हा आवाज. आई अंधारातच म्हणाली, "खोकतोय म्हणजे आहे. झोप." त्यानंतर तो खोकला तिला घराच्या भिंतीसारखा झाला, टेकायला. माणसं गात नाहीत, बोलत नाहीत, पण खोकतात, आणि प्रत्येकाचा खोकला सहीसारखा वेगळा असतो असं तिला तेव्हा वाटायचं. आज त्या जाळीतून आलेला खोकला कुणाचा होता ते तिला माहीत नव्हतं. पण तो मेलेल्या माणसाचा नव्हता. मेलेलं माणूस शेवटचा खोकला गिळून कशाला टाकेल? कुणाला ऐकू जाईल ह्याची भीती जिवंत माणसालाच असते.

वर्कशॉपमध्ये तिचं नाव पक्कड. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. मालकानं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामावर पाठवायचं ठरवलं होतं, तिनं काळा फिल्टर त्याच्या टेबलावर ठेवला आणि नाक मुरडून तो म्हणाला, "जा बाई, जा. पण ही घाण उचल." ती पुन्हा त्या इमारतीत गेली. काकांच्या दाराशेजारी आणखी एक दार होतं, पाटी काढून घेतलेली, पाटीच्या जागी भिंतीचा फिकट चौकोन. राखणदार म्हणाला, तो फ्लॅट बंदच असतो, मालक विकायचा म्हणतो आणि विकत नाही. पूर्वी दोन्ही मिळून एकच मोठं घर होतं. मधे भिंत घालून दोन केले. हे ऐकल्यावर तिला पुढचं बरंचसं कळलं. काकांच्या खोलीतली जाळी काढून तिनं आत विजेरी धरली. पत्र्याचा चौकोनी बोगदा वळून मशीनकडे जात होता, आणि त्याला एक फाटा फुटला होता, सरळ नव्या भिंतीच्या पलीकडे. भिंत घालणाऱ्यांनी खाली विटा रचल्या आणि छताजवळचा पत्रा तसाच सोडून दिला. तिनं फाट्याच्या तोंडाशी धूर सोडणारी कांडी धरली. धूर त्या फाट्याकडून अलगद मशीनच्या दिशेनं ओढला गेला. म्हणजे हे मशीन दोन घरांची हवा ओढत होतं. मग तिनं वायू मोजायचं यंत्र आत धरलं. आकडा चढू लागला. थांबला, मग पुन्हा चढला. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत काही जळत राहिलं की तो होतो आणि माणसाला आधी डोकेदुखी देतो, मग झोप. खाली खुर्चीत बसलेले काका वर्तमानपत्रातलं हवामान मोठ्यानं वाचत होते. तिच्यासाठी नव्हे. "उद्या आणखी उतरणार आहे पारा," ते जाळीकडे बघून म्हणाले, "पायात मोजे घाल."

पाटी नसलेल्या दारावर तिनं टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं. मग दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, "मी मशीनवाली. तुमचं डोकं दुखतंय ना दोन-तीन दिवस?" बराच वेळ गेला. दार साखळीएवढं उघडलं. पन्नाशीची बाई, अंगभर निळी लोकरीची शाल, आणि डोळ्यांखाली झोप साचलेली. तिच्या मागे रिकामी खोली, एक गादी, आणि खोलीच्या मधोमध गॅसची शेगडी लाल होऊन बसलेली. खिडकीच्या फटींत कापडं कोंबलेली. पक्कड आत शिरली, आधी शेगडीचा कान पिळला, मग खिडकी उघडली, आणि मगच म्हणाली, "बसा." त्या बाईला घर तिचं नसल्याची इतकी सवय झाली होती की ती खरंच बसली.

तिनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, मधे खोकत. नवऱ्याच्या घरातून निघून आली. हा फ्लॅट भावाचा. भाऊ म्हणाला, राहा, पण दिसू नकोस. गिऱ्हाईक येईल तेव्हा निघायचं. आणि वीज वापरू नकोस, बंद घराचं बिल आलं तर लोक विचारतील. म्हणून गॅस. "दिवसा चालत नाही मी. खाली आवाज जातो." मग ती थांबली आणि वरच्या जाळीकडे तिनं पाहिलं. काकांच्या घरात होती तशीच जाळी, तशीच मिशी. "ते तुम्हाला काय म्हणाले? बायको म्हणाले?" पक्कडनं मान डोलावली. "सकाळी पेपर वाचतात. आधी गेलेल्यांचे फोटो, मग हवामान. दुपारी भांडतात, बरणी कुठं ठेवलीस म्हणून. मग स्वतःच शोधतात आणि म्हणतात, बरं, सापडली. गुडघ्याचं, मुलाचं, सुनेचं, सगळं मला माहीत आहे. माझ्याशी इतकं कुणी बोललेलं नाही." पलीकडून, पत्र्यातून, काकांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि दोघी गप्प झाल्या. मग ती बाई आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "खोकला माझा खराच आहे. आधी दाबायचे. एकदा दिवसभर दाबला, तर ते हाका मारत राहिले. संध्याकाळी रडले. तेव्हापासून दाबत नाही." तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि नाही आला तर काढते."

पक्कडला काकांच्या त्या चमच्याची आठवण झाली, अर्ध्यावर थांबलेल्या. ह्या दोन माणसांमध्ये काय चाललं होतं त्याला नाव नव्हतं, आणि ज्या वाटेनं ते चाललं होतं त्याच वाटेनं काजळी आणि तो बिनवासाचा वायू काकांच्या उशाशी येऊन पडत होता. तिनं यंत्रावरचा आकडा त्या बाईसमोर धरला. "मला तुमचा भाऊ माहीत नाही. हा आकडा माहीत आहे. ही शेगडी आता पेटवायची नाही, उद्या सकाळी मी घेऊन जाणार, आणि विजेची आणून देणार. आणि हा पत्रा मधे बंद करावा लागेल." "वीज दिसेल." "दिसू दे." ती बाई स्वतःशीच म्हणाली, "दिसेल तर दिसेल," आणि तो शब्द तिनं दोनतीनदा तोंडात फिरवला, नवी कवळी बसवलेल्या माणसासारखा. मग तिनं विचारलं, "त्यांना काय सांगणार?" काही सांगितलं नाही तर एक दिवस खोकला थांबेल, आणि ते हाका मारत राहतील. सांगितलं तर त्यांची बायको दुसऱ्यांदा जाईल, आणि ह्या वेळी एका परक्या बाईच्या शालीचे तंतू मागे ठेवून. "मला निरोप घेऊ द्या," ती बाई म्हणाली. "मी सांगते त्यांना. बरं वाटेल असं सांगते. मग लावा तुमचा पत्रा."

त्या संध्याकाळी घरी भाजी चिरता चिरता पक्कडनं आईला विचारलं, "दादांचा खोकला आठवतो का गं तुला?" आईला हल्ली कमी ऐकू यायचं, प्रश्न दोनदा विचारावा लागला. "खोकला कुठला आठवायला," आई म्हणाली. "थांबलेला आठवतो." आणि कांद्याची साल बोटांवरून झटकत राहिली. पक्कडला वाटलं होतं, आईनं काहीतरी सांगावं, कसं करायचं ते. पण आईनं एवढंच सांगितलं आणि ताटं घेतली. रात्री तिला झोप लागली ती तुटक. स्वप्नात ती एका पत्र्याच्या बोगद्यातून रांगत होती; पुढे कुणीतरी होतं आणि मागे कुणीतरी होतं, आणि दोघंही तिलाच विचारत होते, तू आहेस ना.

सकाळी तिनं विजेची शेगडी पाटी नसलेल्या दारात ठेवली आणि गॅसची उचलून गाडीत टाकली. मग काकांच्या घरी मशीन बंद केलं. पंखा थांबल्यावर घर एकदम मोठं झालं. घड्याळ ऐकू येऊ लागलं, नळाचा थेंब ऐकू येऊ लागला. जाळी उतरवून, मापानं कापलेला पत्रा हातात घेऊन ती शिडीवर उभी राहिली. काकांना तिनं सांगितलं होतं की जुन्या फाट्यातून वाईट हवा येते, बंद करावा लागेल. काका म्हणाले होते, "आवाजाला धक्का लागणार नाही ना?" आणि तिनं उत्तराऐवजी शिडी उघडली होती. आता ते खाली खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर, डोकं जाळीच्या उघड्या भोकाकडे. एक खोकला आला. नंतर शांतता. आणि त्या शांततेतून, त्या थंडीत पहिल्यांदाच, शब्द आले. बारीक, कापरे, पत्र्यातून आल्यामुळे किंचित घुमणारे.

"अहो. ऐकलंत का. मी आता बरी आहे. माझी काळजी करू नका. वेळेवर झोपत जा."

पक्कडनं खाली पाहिलं नाही. तिला वाटलं, काका रडतील, किंवा उठून हात वर करतील, किंवा काही तरी बोलतील आणि आपल्याला ते ऐकावं लागेल. घड्याळ चालत राहिलं. नळाचा थेंब पडला. तिच्या हातातला पत्रा जड झाला, मनगट भरून आलं, तरी तिनं तो हलवला नाही.

"ती मला अहो म्हणायची नाही," काका म्हणाले.

त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आम्ही लहानपणी शेजारी राहायचो. अरे म्हणायची मला. लग्नात म्हणाली, लोकांसमोर म्हणाली, दवाखान्यात शेवटपर्यंत अरेच म्हणाली. माझी आई किती बोलली तिला त्यावरून." ते थांबले. "कोण आहे तिकडे?"

भोकातून काही आलं नाही. पण तिकडे कुणीतरी श्वास रोखून धरला आहे हे इथवर कळत होतं. पक्कड शिडी उतरली, पत्रा भिंतीला टेकवला आणि सांगितलं. शेजारी एक बाई राहतात. कुणाला कळू नये म्हणून गुपचूप राहतात. थंडीसाठी शेगडी पेटवायच्या, त्याची ही काजळी. काकांनी सगळं ऐकलं. "खोकला त्यांचा?" "हो." "सगळा?" ह्या प्रश्नासाठी ती तयार नव्हती. खरं सांगायचं तर सगळा नव्हता. काही खास त्यांच्यासाठी काढलेला होता. ते सांगणं जास्त बरं की न सांगणं, हे तिला त्या क्षणी ठरवता येईना. "हो," ती म्हणाली. "सगळा." काकांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला आणि तसेच बोलले, "काय काय बोललो असेन मी. देवा. सुनेबद्दल काय काय बोललो." मग हात काढले. चेहरा एकदम उघडा पडल्यासारखा दिसत होता, चष्मा काढलेल्या माणसाचा दिसतो तसा. "लावा पत्रा," ते म्हणाले.

तिनं लावला. चार कोपरे, मग मधले, मग कडेनं चिकटपट्टी, बोटानं दाबत दाबत. फट होती तोवर पलीकडची हवा तिच्या बोटांना लागत होती, थोडी ऊन, थोडी लोकरीच्या वासाची. मग तीही लागेनाशी झाली. तिनं जाळी परत बसवली, पात्यांवरची मिशी ओल्या फडक्यानं पुसली, मशीन चालू केलं. पंखा लागला. घर पुन्हा आपल्या आकाराचं झालं, पण त्यात काही कमी होतं, आणि ते मोजायचं यंत्र तिच्या पिशवीत नव्हतं. काका खुर्चीत नव्हते. स्वयंपाकघरात कपाट उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज येत होता. तिनं सामान आवरलं, खाली पडलेला पत्र्याचा चुरा गोळा केला, आणि बाहेर पडून जिन्याच्या वळणापर्यंत आली तेव्हा मागे दार वाजलं.

काका सपाता घालून बाहेर आले होते. हातात औषधाची एक बाटली होती, खोकल्याची, लेबल फाटलेलं. ते पाटी नसलेल्या दारासमोर जाऊन उभे राहिले. घंटीकडे हात नेला आणि मागे घेतला. टकटक करायला मूठ केली, ती सोडली. जिन्यात उभी असलेली पक्कड त्यांना दिसली नसावी. त्यांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली, मान खाली घातली, आणि परक्या घरात शिरण्याआधी दारात उभा राहून माणूस करतो तसे खाकरले.

आत काही हललं नाही. पक्कडच्या खांद्यावर पिशवीचा पट्टा रुतत होता. खाली तिची गाडी भलत्याच जागी उभी होती, मालकाचा फोन खिशात थरथरत होता. ती जागची हलली नाही. काका पुन्हा खाकरले, या वेळी जरा मोठ्यानं, आणि लाजल्यासारखे दोन पावलं मागे सरले.

मग दाराच्या अगदी आतल्या बाजूनं, फळीला चिकटून उभं असल्यासारखं, कुणीतरी खोकलं. न दाबता. आणि साखळी काढल्याचा आवाज आला.